वाघ मारायची घाई नाही

प्रिय वाघोबा,

वहिनींचं पत्र मिळालं. झटका येऊन गेला, हातपाय सावरले, जेवणखाण व्यवस्थित आहे, पण तोंड तेवढं तू घट्ट मिटून घेतलं आहेस म्हणे. शब्द फुटतात, पण एकेक, अडखळत, आणि त्याचीच तुला लाज वाटते. बोलणं शिकवणाऱ्या बाई घरी आल्या की भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतोस. बाईंनी वहिनींना स्पष्ट सांगितलंय की आत्ता बोलला नाही, तर आहे तेवढंही जाईल. लेका, हे वाचून आधी मला रडू आलं आणि मग तुझा असा संताप आला की हातातली खळीची वाटी कलंडली. निवृत्त झालो तरी पुस्तकं बांधायची खोड गेलेली नाही.

अरे, तुझ्या एका 'पुढे सरका'वर अख्खी बस सरकायची! म्हणून तर डेपोतल्यांनी तुझा वाघोबा केला, आणि रोज तुझ्याच बसने जाणाऱ्या, तुझ्याशेजारी मुकाट बसणाऱ्या या बाइंडरची झाली वाघाची मावशी. दोघांनी मिळून जन्मात उंदीर मारला नाही, आणि शिकारकथांची कपाटं मात्र घरात मावेनात. आठवतं, वहिनी एकदा चिडून म्हणाल्या होत्या, की या घरात माणसांपेक्षा बिबटे जास्त झालेत.

बातमी अशी, की मला एक नवं घबाड मिळालंय. नवं म्हणजे चांगलं जुनं. एका शाळेने ग्रंथालय आवरायला काढलं, त्या ढिगात सापडलं. पाठ उसवलेली, कोपरे झिजलेले, पण चित्रं सगळी जागेवर, आणि प्रत्येक चित्रावर तो पातळ कागद अजून शाबूत. आधीच्या कुणा वाचकाने समासात जागोजागी पेन्सिलीने 'थापा!' असं लिहिलंय. मी ते खोडलं नाही. त्याचं बरोबरच आहे म्हणा. पहिल्या प्रकरणात नऊ फुटी असलेला वाघ शेवटाला अकरा फुटांवर गेलाय. पुस्तक मी उसवून पुन्हा शिवलं, नवं कापड चढवलं. आता कसं टेचात बसलंय टेबलावर!

पण वाचायचं कुणी? आपला नियम तुला ठाऊक आहे. तू मोठ्याने वाचायचं, गोळी सुटायच्या आधीच्या ओळीला थांबायचं, आणि मी सांगायचं, लागली की हुकली. चुकलो तर चहा माझ्याकडे. आयुष्यभर मीच चहा करत आलो. खरं सांगू, त्या जनावराच्या मरण्यात मला कधीच गोडी नव्हती. गोळी सुटली की माझा रस संपायचा. मजा होती ती आधीच्या थांबण्यात. वाळलं पान वाजलं, माकड ओरडलं, पुन्हा सगळं चिडीचूप. सुनेला बसवलं वाचायला, तर तिने बातम्या दिल्यासारखं सुरू केलं. वाघ मेलासुद्धा, आणि मला पत्ताच नाही. नातीची तऱ्हा आणखी वेगळी. ती आधी शेवट बघते आणि मग मलाच विचारते, आता कशाला वाचायचं? कपाळावर हात मारून घेतला.

परवा बाजारात तो जुन्या पुस्तकांचा दुकानदार भेटला. तुझी चौकशी करत होता, आणि बोलता बोलता त्याने त्या अस्वलाच्या शिकारीच्या पुस्तकाची गोष्ट काढली. तुझ्या साठीला मला ते पुस्तक तुला द्यायचं होतं, आणि माझ्या निवृत्तीला तुला मला. दोघांनीही एकमेकांच्या नकळत त्याला गाठून बजावलं, बाजूला काढून ठेव, दुसऱ्याला कळता कामा नये. तो शब्दाचा पक्का. आणि आपण असे संशयी, की एकमेकांना तिथे एकटं जाऊच देईनात! दर शनिवारी जोडीने हजर. बिचारा काढून देणार कसं? शेवटी ते पुस्तक उंदरांनी फस्त केलं. सांगता सांगता तो हसून बेजार झाला, आणि मला मात्र तुझ्या हसण्याची फार आठवण आली.

आता मुद्द्याचं. माझे कान गेलेत रे. कळवलं नाही, कारण मलाही लाजच वाटत होती. फोनवर नुसती खरखर कळते, म्हणून फोन केला नाही. आता दोन्ही कानांना यंत्रं बसवलीत. डॉक्टरीणबाई म्हणतात, नुसती यंत्रं लावून भागत नाही, कानाला शब्द पुन्हा ओळखायला शिकवावं लागतं. रोज कुणीतरी समोर बसून सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचायला हवं. माझ्या घरात सगळे बोलण्यात शर्यत लावल्यासारखे. मध्येमध्ये थांबत बोलणारा माणूस मला सापडेना, आणि तेवढ्यात वहिनींचं पत्र आलं. अरे, तू पुढच्या शब्दासाठी अडशील, तोवर मागचा मला पोचेल. तुझ्यावर दया म्हणून लिहीत नाही, मला गरज आहे. सोमवारी सकाळच्या गाडीने पुस्तक घेऊन येतोय, चांगला महिनाभर मुक्कामाला. वहिनींना मी यातलं काहीच कळवलेलं नाही, आणि हे पत्र तू त्यांना दाखवायचं नाहीस. मी येतोय हे तू त्यांना सांगायचंस, तोंडाने.

तुझाच,
मावशी