गावात शांतता आहे

आबा, माफी मागायला हे लिहीत नाही, ते आधीच सांगते. आज इथल्या पोलीस ठाण्यानं नागरिकांचा मेळावा भरवला होता. निवृत्त मुख्याध्यापिका म्हणून मला पुढच्या खुर्चीत बसवलं, गुलाबाचं फूल दिलं, आणि तुमच्या नातवाच्या वयाच्या फौजदारानं हात जोडून विचारलं, "कुणाची काही तक्रार?" सगळे चिडीचूप. मला हसूच फुटलं. शेजारचे बघायला लागले. त्यांना काय सांगणार, की ही बैठक मी चौदाव्या वर्षीच पाहिली आहे आणि तिचा अहवालही माझ्याच हातानं लिहिला आहे.

दुष्काळाचं साल होतं. तुम्ही परंड्याकडच्या एका चौकीत जमादार. पाण्यावरून भांडणं होतायत, तर पोलिसांनी गावोगाव जाऊन लोकांत बसावं, त्यांचं ऐकून घ्यावं आणि दर आठवड्याला अहवाल धाडावा, असा वरून हुकूम आला. तुमची शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतली. मराठी वाचायचात, लिहायचं म्हटलं की घाम फुटायचा. म्हणून दर रविवारी तुमच्या सायकलवर मागं मी, मांडीवर वही. चावडीत तुम्ही विचारायचं, कारभाऱ्यांनी "समदं बेस हाय, जमादार" म्हणायचं, मग चहा. तुमचा चहा कान तुटलेल्या वेगळ्या कपात यायचा. अंगावर खाकी असताना! तुम्ही तो निमूट प्यायचात आणि मी बघून जळायचे. मग तुम्ही सांगायचात, "लिही, गावात शांतता आहे, तक्रार नाही." घरी येऊन मी पक्की प्रत करायची. खाली तुम्ही उर्दूत सही ठोकायची, उजवीकडून डावीकडं, एका दमात. पेन गळकं, टेकवताच शाई सुटायची, त्यामुळं सहीच्या उजव्या टोकाला शाईचा एक ठिपका ठरलेला.

त्या रविवारी चावडीच्या पायरीखाली एक बाई येऊन उभी राहिली. बौद्धवाड्यातली, म्हणजे आपल्यातलीच. काखेत रिकामी घागर. म्हणाली, "जमादार, हीर सरकारी हाय. पर आमाला पोहरा टाकू देत न्हाईत. त्येंच्या मनाला आलं तर वरनं वततेत. सकाळधरनं उन्हात बसलाव. ह्ये लिव्हा की." कारभारी हसले. "लई बोलती ही. तुमी नका मनावर घेऊ." तुम्ही आपल्या बुटांकडं बघत राहिलात आणि मला म्हणालात, "लिही. गावात शांतता आहे." ती तुमच्याकडं बघेना. माझ्या हाताकडं बघत म्हणाली, "पोरी, तू तरी लिव्ह." मी तुम्ही सांगितलं तेच लिहिलं. त्याची लाज मला अजून आहे.

परतीच्या चढावर तुम्ही सायकल ढकलत होतात. मी म्हणाले, "आबा, आपल्याच माणसाचं तुमी ऐकलं न्हाय."

"ऐकून काय करू? ही नोकरी हाय म्हून तू साळंत हाईस. वर्दी उतरवली तर मलाबी वरनंच वततील."

"मग तर लिव्हायलाच पायजे!"

"गुमान चल. तुला लिव्हायला आणलंय, बोलायला न्हाय."

लिहायलाच आणलं होतं ना? मग लिहिलं. संध्याकाळी तुम्ही ओट्यावर बुटांना पॉलिश करत होतात, तेव्हा त्या बाईचा शब्द न् शब्द मी पक्क्या प्रतीत उतरवला. यावर तुम्ही सही केली नसतीत, म्हणून ती मीच केली, तुम्ही आधी सही केलेली शांततेची प्रत चुलीत टाकली आणि पाकीट चिकटवून टाकलं. आठ-दहा दिवसांनी त्या गावात जीप आली. तुमचे साहेब आणि तहसीलदार विहिरीवर उभे राहिले आणि त्यांच्यादेखत बौद्धवाड्यातल्या बायांनी स्वतःच्या हातानं पोहरा टाकला. मग कारभारी वर जाऊन भेटले, जमादार गावात भांडणं लावतो म्हणून. साहेबांनी तो कागद तुमच्यापुढं धरला, "ही सही तुमची?" तुम्ही म्हणालात, "व्हय साब, माझीच." हे तुमच्याबरोबरच्या शिपायानं घरी येऊन आईला सांगितलं. महिन्याभरात उमरग्याकडं बदली झाली. माझं शाळेचं एक वर्ष बुडालं, आईनं नशिबाला बोल लावला, तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. पुढं मात्र साधं रेशनकार्डसुद्धा बोट ठेवून दोनदा वाचायला लागलात. मला वाटायचं, बिचाऱ्याला वाटतंय आपण न वाचताच सही केली.

तुम्ही गेलात तेव्हा त्या गावच्या बाया एसटीनं आल्या होत्या. "जमादारानं सही केली म्हून पानी मिळालं," म्हणत रडल्या. मी मुकाट ऐकून घेतलं, पण आतून पेटले होते. सही माझी होती, आबा. वेळ आली तर पुन्हा करीन, वर्ष बुडालं तरी करीन. आजही त्या मेळाव्यात मी उठले आणि म्हणाले, "तक्रार नाही असं लिहू नका, माझी आहे."

हे सगळं वहीतच राहील. फक्त एक गोष्ट सांगायची राहिली. तुमची सही मी माझ्या मराठी वळणाच्या हातानं काढली होती, डावीकडून उजवीकडं. पेन तेच, गळकं. ठिपका डाव्या टोकाला पडला. साहेबांना त्यातलं काय कळणार? कागद पुढं धरला तेव्हा तुम्हालाही तो दिसला नसेल, असंच मी आजवर स्वतःला सांगत आले, कारण तुम्हाला भित्रा म्हणणं मला सोपं जात होतं.