बारावीच्या पुढची अडीच वर्षं

आबा,

आज मंगळवार. सकाळी नळाला पाणी आलं, पिंप भरून घेतलं, हे ऑफिसला गेले. मग दारात एक मुलगी आली, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल. मोठ्या माणसांपैकी किती जण कॉलेज शिकलेत याची पाहणी चालली आहे म्हणाली. मी तिला पंख्याखाली बसवलं. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, शेंगा सोलत बसल्या होत्या. माझं शिक्षण विचारल्यावर माझ्याआधी त्याच बोलल्या, "लिही की, पंधरावी. लई हुशार हाय आमची सून."

"पदवी मिळाली का, काकू?"

"नाही. बीएस्सीचं शेवटचं वर्ष निम्मं राहिलं."

"मग बारावीच. पुरी झालेली पायरीच धरतात."

"आन मदली अडीच वर्सं कुटं गेली म्हनायची?" आत्यांनी विचारलं.

"कुठंच नाही, आजी. ती मोजत नाहीत."

"अगं बाई! आमच्यात कालचं कोकरूसुदा मोजत्यात."

मुलगी हसली, पाणी प्यायली आणि शेजारच्या फ्लॅटकडे गेली. इतक्या वर्षांत मी या घरात आवाज चढवला नाही. आजही चढवला नाही. फक्त म्हणाले, "आत्या, तुम्ही शब्द पाळला असता तर ती वर्षं मोजली गेली असती." त्यांचा हात शेंगांवर थांबला. "कसला शब्द?"

सांगोल्याचं आपलं घर आठवतं, आबा. माझ्या लग्नाची बैठक पुढच्या सोप्यात, आणि मी नि आई आत चुलीपाशी. चहाचे कप तेवढे माझ्या हातून बाहेर जातात, बाहेरचं बोलणं आत येत नाही. सासरे हयात नाहीत म्हणून पाहुण्यांकडून आत्या एकट्याच, पदर सावरून, पुरुषांच्या ओळीच्या कडेला बसल्या आहेत. पाहुणे उठल्यावर तुम्ही आत आलात आणि म्हणालात, "बोलून घेतलंय मी. श्येवटचं वरीस पुरं करू देत्यात. तू काय काळजी करू नगंस." मी वसतिगृहातली ट्रंक न उघडता तशीच इकडे आणली. कुणी परीक्षेचं नाव काढेल म्हणून वाट पाहिली. कुणी काढलं नाही. मीही काढलं नाही, कारण शब्द त्यांनी दिला होता, मी का मागायचं?

आज आत्या म्हणाल्या, "शब्द कुटला? मीच म्हनले हुते तुज्या आबास्नी, पोरीची परीक्षा हुं द्या, तारीख फुडं धरू. तर त्यांनी टोपी काढून मांडीवर ठिवली. म्हनले, न्हाय, शिकली तेवडं बास. मला वाटलं, तुलाच नको आसंल."

टोपीवरून मला पटलं. मी वाढवलेली शेळी विकायची ठरली त्या दिवशीही ती तशीच मांडीवर होती. त्यानंतर तुमच्याशी कुणी बोलायचं नसतं.

तुम्ही सरळ सांगितलं असतं, की दुष्काळ आहे, टँकरच्या पाण्यावर बाग जगत नाही, आता बास, तर मी रडले असते आणि कधीतरी विसरलेही असते. पण तुम्ही दर दिवाळीला डाळिंबांची पिशवी घेऊन यायचात आणि जिन्यात हळूच विचारायचात, "परीक्षंचं काय म्हनत्यात गं?" मी मान हलवायचे. "शब्दाला जागत न्हाईत मान्सं," तुम्ही म्हणायचात आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायचात. त्या हाताचा मला केवढा आधार वाटायचा! आत्यांचं मी सगळं केलं, आजारपणं काढली, पण संध्याकाळी त्यांच्याजवळ कधी बसले नाही. त्यांना वाटलं असेल, शिकलेली आहे, गर्व आहे.

हे पत्र कुठे पाठवणार? आणि खरं सांगते, तुम्ही असतात तरी मी विचारलं नसतं. तुम्ही टोपी काढून मांडीवर ठेवली असती, आणि मी चहा टाकायला आत गेले असते.

आत्या दुपारच्या झोपल्या आहेत. ताटात निम्म्या शेंगा तशाच आहेत. त्या मी सोलायला घेते.