धुराडं कुठून मोजायचं?

अण्णा, परवा तुमचं न्हाणीघराचं धुराडं मी पाडून टाकलं. माणूस बोलावला होता, पण पहिला घाव मीच घातला, आणि हात दुखेपर्यंत घालत राहिले. तुम्ही जाऊन पंचवीस वर्षं झाली, न्हाणीतली चूलही तेव्हापासून थंडच. पण ते शेवाळलेलं सिमेंटचं नळकांडं परसात तसंच उभं होतं, तुमच्यासारखं ताठ. पाडण्याआधी टेप घेऊन मी वरच्या घराच्या अंगणात गेले. आपल्या परसातून ते बारा फूट, हे तुम्ही मला, आईला, अख्ख्या वाडीला शंभरदा ऐकवलंत. वरच्या अंगणात उभं राहिलं की त्याचं तोंड माझ्या कमरेशी येतं, अण्णा. कमरेशी! देवरूखच्या शाळेत तीस वर्षं पोरांना झाडांच्या नि मनोऱ्यांच्या उंच्या काढायला शिकवलंत, आणि आपलं घर उतारावर आहे एवढं तुम्हाला दिसलं नाही?

वरची शेजारीण काकी पहिल्यांदा तक्रार घेऊन आली ती सकाळ मला लख्ख आठवते. मी तेव्हा अकरावीत. वरच्या घरात काकी आणि तिची दम्यानं बेजार सासू, दोघीच. काका मुंबईला नोकरीला. आपण न्हाणीच्या चुलीत काजूची टरफलं जाळायचो, पोत्यानं फुकट मिळत म्हणून. त्या धुरानं आपलेच डोळे चुरचुरायचे, मग वरच्यांचं काय होत असेल! काकी पायरीखालीच उभी राहते, पदर सावरत म्हणते, "मास्तरांनू, तेवढं नळकांडं वर घ्या. धूर सरळ खिडकीतून आमच्या चुलीपाशी येतो. म्हातारीला श्वास घेववत नाय." तुम्ही उठता, शिडी लावता आणि तिच्यादेखत टेप सोडता. "बारा फूट आहे, वहिनी. नियमाला धरून आहे." कुठला नियम? कोणी केला होता? ती बिचारी आकडा ऐकून परत फिरली. आई घावन घालता घालता आतून म्हणाली, "अहो, आणखी एक तुकडा जोडलात तर काय बिघडेल?" तर तिला म्हणालात, "तू तव्याकडे बघ." मास्तरांच्या गणितातली चूक एका न शिकलेल्या बाईनं दाखवली, हेच तुम्हाला झोंबलं होतं. दुसरं काही नाही.

आणि मग तुमचं औदार्य! आठ दिवसांनी तुम्ही आपण होऊन वर गेलात. "वहिनी, ती खिडकीच बुजवून टाकू. चिरे माझे, गवंडी माझा." एक हात नळकांडं वाढवायचं नाही, पण दुसऱ्याची खिडकी बुजवायला चिरे द्यायचे, धन्य तुमची! वाडीत जो तो म्हणाला, मास्तर मोठ्या मनाचे. विहिरीच्या कामातले उरलेले अर्धे चिरे मी डोक्यावर चुंबळ ठेवून वर वाहिले. गवंडी चिखल लावायचा, मी चिरे ठेवायचे. त्या खिडकीखाली म्हातारी सूप घेऊन बसायची. शेवटच्या चिऱ्याएवढी फट उरली तेव्हा तिथून तिचं तोंड दिसलं. "बाय गो, आता तांदूळ कशे निवडू?" मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "दिवा लावा, आजी." त्यांच्याकडे वीजही नव्हती. मी चिरा आत सरकवला.

खिडकी गेली तसा त्यांच्या स्वतःच्या चुलीचा धूर आत कोंडायला लागला. पावसाळा, लाकडं ओली. काकी पुन्हा आली, या वेळी डोळे पुसतच. तुम्ही पेपरातून मान वर न करता विचारलंत, "आता तो धूर आमचा आहे का?" नाही म्हणाली ती. "मग झालं तर!" काय म्हणावं या हिशेबाला! म्हातारी त्याच श्रावणात गेली. दमा होताच, तुम्हाला कोणी बोल लावला नाही. तुम्ही खांदासुद्धा दिलात. परवा धुराड्याचे तुकडे गोळा करून झाल्यावर मी काकीला म्हटलं, खिडकी फोडून देते. ती म्हणाली, "नको गो. कोनाडा झालाय तिथं, म्हातारीचा फोटो ठेवलाय." आणि वर म्हणते, "मास्तरांनी चिरे फुकट दिलेनी. आज कोण देतो?" अण्णा, ती अजून तुमचे उपकार मानते! तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर मला घास गेला असता.

हे तुमच्या तोंडावर बोलायची माझी छाती कधी झाली नाही. आता लिहिलंय तर पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी तुम्ही लाल शाईनं ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत केलं असतंत. राहू दे वहीतच. पण एक गोष्ट मी काकीला सांगितली नाही, आईलाही कधी नाही. शेवटचा चिरा बसल्यावर तुम्ही गवंड्यासमोर माझ्या पाठीवर थाप मारलीत. "शाब्बास! अगदी ओळंब्यात बसवलास." जन्मात तुमच्याकडून मिळालेली ती एकच शाब्बासकी. भिंतीपलीकडे म्हातारी खोकत होती, मला ऐकू येत होतं, आणि मी हसत होते.