जांदिराबाईंचे चवळीचे वडे

महबूला, कुवेत

प्रिय समिधाताई,
तुला आणि भाओजींना नमस्कार. मी बरा आहे, जेवतो वेळेवर. आईचा गुडघा कसा आहे? हे पत्र मात्र तिला वाचून दाखवू नकोस.

आमच्या ब्राझिली हॉटेलातल्या मुख्य स्वयंपाकीण जांदिराबाई रविवारी वारल्या. चवळी भिजवून, सोलून, वाटून त्या लाल पामतेलात वडे तळायच्या. मोडक्या इंग्रजीत सांगायच्या, “माझ्या खापरपणजीला आफ्रिकेतून गुलाम करून आणलं. हात बांधलेले होते, पण हे वडे तिच्या डोक्यात होते.” मला त्यांनीच शिकवले.

भर गर्दीत त्या शेगडीपाशी कोसळल्या. मॅनेजर ओरडला, “ॲम्ब्युलन्स बोलावलीय! सुयोग, तू तळत राहा, टेबलं भरलीत!” मी तळत राहिलो. माझ्यापासून चार हातांवर, फरशीवर पडून त्या आपल्या ब्राझीलमधल्या मुलीला हाका मारत होत्या. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा त्या गेल्या होत्या.

मंगळवारी त्यांच्या मुलीने ब्राझीलहून व्हिडिओ कॉल केला. “आईनं प्रमाण कधी लिहून ठेवलं नाही. तुम्ही दाखवाल?” तिच्याच घरचे वडे मी तिला शिकवले, ताई. मग तिने विचारलं, “शेवटी आईजवळ कोणी होतं?”

“मी होतो,” म्हणालो. “हात धरून बसलो होतो.”

ती खूप रडली. आता मला भाऊ म्हणते, सकाळ-संध्याकाळ मेसेज पाठवते. मी अजून एकही उघडलेला नाही. तिला खरं सांगू का? तूच कळव.

तुझा धाकटा,
सुयोग