बर्फावरच्या टपरीतलं पुस्तक

३ जानेवारी, सकाळी ६
या वर्षी पुस्तक पूर्ण. विषय: प्रॅगमॅटिझम हे अमेरिकी तत्त्वज्ञान, त्याचा उदय, अस्त आणि पुनरागमन. पानं तीनशे. लायब्ररीच्या थिया गॅन्यॉनने माझं लेक्चर १२ एप्रिलला ठेवलं आहे. तिला सांगितलं, पुस्तक जवळजवळ तयार आहे. फक्त लिहायचं राहिलंय.
घरात फोन वाजतो. माझा नवरा वॉरन गेल्यापासून त्याची मासे धरायची लाकडी टपरी कोठारात पडून आहे. धाकट्या दिरांना, ऑरिन भावोजींना, ती गोठलेल्या तळ्यावर नेऊन ठेवायला सांगितली. ते म्हणाले, वहिनी, माशाचं डोकं कुठलं नि शेपूट कुठलं, एवढं तरी कळतं का तुम्हाला? म्हटलं, मला मासे नकोत, शांतता हवी.

११ जानेवारी
टपरी उत्तम. टेबल, खुर्ची, स्टोव्ह. बर्फातल्या भोकावर फळी टाकली. पत्र्याच्या पेटीत हजार कागद. शीर्षकाचं पान झालं.

२ फेब्रुवारी
शीर्षक बदललं.
सुरुवात डोक्यात तयार आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर इथल्याच केंब्रिजमध्ये काही मित्र एकाच्या अभ्यासिकेत जमत. त्यांचं म्हणणं एवढंच: तुम्ही एखादी गोष्ट मानता, तर त्याने तुमच्या वागण्यात काय फरक पडतो ते दाखवा. पडत नसेल, तर वाद थांबवा नि जेवायला चला. हे लिहायला एक दुपार पुरे. उद्या.

१९ फेब्रुवारी
बॉलपेन गोठलं.
मधल्या, अस्ताच्या काळाचा विचार केला की डोकं तापतं. मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायला लागले तोवर फळाभर चिन्हं मांडणाऱ्या तर्कशास्त्र्यांनी आमच्या मंडळींना अडगळीत टाकलं होतं. माझ्या वर्गात सात विद्यार्थी, त्यातले दोन झोपायला येत. पुढे त्याच तर्कशास्त्र्यांतल्या काहींना उपरती झाली. आता जिकडेतिकडे परिषदा भरतात. मला कोणी बोलावत नाही, कारण माझं पुस्तक नाही. रागाच्या भरात लिहू नये. लिहिलं नाही.

१४ मार्च
दुसरं पान झालं. अक्षर सुरेख.
मेपलच्या झाडांचा रस उकळून पाक करायची घाई असूनही भावोजी डोनट नि लोणचं घेऊन आले. बर्फ धरतो का बघायला दर चार पावलांवर पहार ठोकत. म्हटलं, दोन महिने याच वाटेने येताय, अजून भरवसा नाही? म्हणाले, कालच्या बर्फावर आहे, आजच्यावर ठोकून बघतो. अर्ध्या शाळेतून उठलेल्या माणसाची भीती, दुसरं काय.
त्यांनी आठवण करून दिली की गावाच्या नियमाप्रमाणे मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत टपऱ्या तळ्यावरून हलवायच्या. मी सांगितलं, बर्फ एप्रिलअखेरपर्यंत टिकेल असं माझं ठाम मत आहे. ठोकून बघितलंत का, असं विचारून गेले.

२९ मार्च, रविवार
टपरी हलवली नाही. लेखन ऐन रंगात आहे: तिसरं पान. पेटी तिथेच ठेवली. हस्तलिखित हलवलं की लय बिघडते.
थियाने विचारलं, बाई, दुसरी प्रत आहे ना? नाही म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. म्हणाली, टपरी बुडाली तर चाळीस वर्षांचं काम जाईल. हे मला सुचलंच नव्हतं. दिवसभर मनात घोळत राहिलं. का कोण जाणे, झोप छान लागली.

६ एप्रिल, दुपार
टपरी कलली. सारा गाव काठावर. मी शांत होते. म्हटलं, जाऊ द्या, माणसाच्या जिवापुढे पुस्तक काय. थिया रडली. लेक्चरऐवजी पुस्तकासाठी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं, असं सुचवणार होते, तेवढ्यात भावोजी होडी पुढे ढकलत, पहार ठोकत निघाले. मी तीनदा ओरडले, नको, परत या. लोकांना वाटलं, दिराची काळजी.
छातीपर्यंत भिजून त्यांनी पेटी आणली. टाळ्या. पानं ओली झाली असतील म्हणून थिया ती लायब्ररीत घेऊन गेली, दोरीवर वाळत घालायला.

७ एप्रिल
थियाने दोनशे चिमटे आणले होते. तीन लागले.
भावोजींना ताप. सूप घेऊन गेले. ते उशीला टेकून उठून बसले. मग म्हणाले, वहिनी, आधी सांगायचंत. बुडू दिली असती.
सूप त्यांना आळणी वाटलं.

१२ एप्रिल, संध्याकाळी ६
लेक्चर झालं. तीन पानं, चार मिनिटं. उरलेला वेळ भरून काढायला कोणीतरी भावोजींना विचारलं, कुठला बर्फ धरेल ते तुम्हाला कळलं कसं? घोंगडी पांघरून पहिल्याच रांगेत बसले होते. चाळीस मिनिटं बोलले. बर्फ धरेल असं मानायचं, म्हणजे त्यावर पाय टाकायचा. म्हणून आधी पहार. आत गेली तर मत बदलायचं, त्यात लाज कसली. आणि चार जणांनी ठोकून बघितलेलं एकट्याच्या ठोकण्यापेक्षा बरं. लोक लिहून घेत होते. थियासुद्धा.
शेवटी मी उभी राहून सांगितलं की हे सगळं माझ्या चौथ्या पानावर आहे.
भावोजी म्हणाले, असेल.
घरी येऊन कोरं चौथं पान समोर ठेवलं. आधी शीर्षक बदललं.