नाकसाहेबांच्या घरात संत्रं

३ फेब्रुवारी, सोमवार

नणंदबाई येऊन गेल्या. जाताना हातात एक बाटली कोंबली. "वहिनी, तुझ्यासाठी सेंट. संत्रं आणि पॅचुली. महाग आहे हं!" महाग आहे हे दोनदा सांगितलं, म्हणजे सेलमधलं असणार.

हिला चांगलं माहीत आहे की हिचा भाऊ साबणाच्या कारखान्यात वास तपासतो आणि त्याच्या नाकापायी या घरात लग्नापासून साधी पावडरसुद्धा आलेली नाही. तरी सेंट! काडी टाकायची आणि लांब उभं राहून मजा बघायची.

नाकसाहेबांचं वाक्य मला तोंडपाठ आहे – "घरात वास चालणार नाही. माझं नाक बिघडतं." म्हणून फिनेल बिनवासाचं, साबण बिनवासाचा, बायकोही बिनवासाची.

बाटली पर्समध्ये टाकली. बघू.

४ फेब्रुवारी

दुकानात पोचल्यावर लावला. एकदा मनगटावर, एकदा मानेवर. आधी नुसतं संत्रं! साल सोलताना डोळ्यांत उडते ना, अगदी तसं. मी एकटीच हसले. पण अर्ध्या तासात संत्रं पसार, आणि मागे उरलं ते पॅचुली. कुठल्याशा झाडाची वाळकी पानं असतात म्हणे. मला तर खूप दिवस बंद असलेली लाकडी पेटी उघडल्यासारखं वाटलं, आणि तिच्यात कुणीतरी ओली माती सांडलेली. म्हणजे घाणच म्हणायची! तरी दिवसभर मनगट नाकाशी नेत होते.

चष्म्याच्या दुकानात काम म्हणजे सतत लोकांच्या कानामागे हात. दांडी वाकवा, फ्रेम नाकावर बसवा. एक आजोबा मान पुढे करून म्हणाले, "बाई, फळं आणलीत का आज?" आतून आमचे डॉक्टर – मालकही तेच – ओरडले, "फळं नाहीत हो, आमच्या बाई मोहरल्यात!" टवाळ मेले. पण दिवस बरा गेला.

निघायच्या आधी दुकानाच्या मोरीत मान आणि मनगटं खसाखसा घासली. या वयात चोरटेपणा! प्रियकर ठेवला असता तर निदान एवढ्या घासण्याचं चीज तरी झालं असतं.

६ फेब्रुवारी

घासून काही उपयोग नाही. संत्रं पाहुणं आहे, पॅचुली भाडेकरू. स्कार्फात मुक्काम ठोकलाय.

संध्याकाळी दार नाकसाहेबांनीच उघडलं. आता स्फोट होणार म्हणून मी श्वास रोखून उभी.

"आलीस? चहा टाक."

बस्स! एकदा शेजारणीचं हातांना लावायचं क्रीम मी नुसतं बोटभर लावून बघितलं होतं, तर ते या माणसाला जिन्यातून कळलं होतं. दोन दिवस अबोला धरला होता. तोच हा माणूस!

८ फेब्रुवारी

सकाळी दूध करपलं. मी बाथरूममध्ये, आणि हे ओट्याकडे पाठ करून पेपर वाचत बसलेले. बाहेर आले तर घरभर करपट वास, पातेल्याचा तळ काळाकुट्ट. मी ओरडले. यांनी वर बघितलं, माझा चेहरा बघितला, आणि मग नाक मुरडलं. "काय गं हा वास!" म्हणे. पेपरात डोकं घातलं की जग बुडालं तरी चालेल यांना.

पातेलं मीच घासलं, हे काय लिहायला हवं?

९ फेब्रुवारी

आता घरातही लावते. मुद्दाम! जेवताना यांच्या अगदी नाकापुढून हात नेत वाढलं.

"मीठ दे."

मला राग आला. म्हणजे नाकाला कधी त्रास होतच नव्हता का? माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नातसुद्धा मी कोरडी ठणठणीत गेले होते, ते कशासाठी? की नाक ठीक आहे आणि मीच कुणी उरले नाही? बायको म्हणजे घरातलं जुनं कपाट, ते कोण हुंगत बसतंय!

रडले. लिहून ठेवते, उद्या कबूल करणार नाही.

१० फेब्रुवारी

नणंदेचा फोन. "काय म्हणाला दादा?" म्हटलं, काही नाही. बिचारीचा केवढा हिरमोड!

१२ फेब्रुवारी

यांच्या उशीवर मारला. घोरले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. मग दाबूच! यांच्या कामावर न्यायच्या रुमालावर तीन फवारे मारले, नीट घडी घातली, स्वतःच्या हातानं खिशात ठेवला. गेले. जिना उतरेपर्यंत मागे संत्र्याचा घमघमाट, आणि स्वारी आपली शांत!

डॉक्टर गावाला गेलेत, म्हणून आज दुकानाला सुट्टी आहे. भांडायला दिवस मोकळा.

त्याच दिवशी, संध्याकाळी

भरदुपारीच परत आले. चेहरा पांढराफटक. मी तयारीत होते, वाक्यं घोकून ठेवली होती.

"रुमालाला काय लावलंस?"

"तुम्हीच सांगा की! नाक तुमचं."

खाली बघत म्हणाले, "मॅनेजर विचारत होता, साहेब, आज तुम्ही सेंट लावून आलात? तुम्ही? मी म्हटलं, बायकोनं खोडी केली असेल. सगळे हसले. मीही हसलो." रुमाल टेबलावर ठेवला. "मला कळलंच नव्हतं गं. मला कसलाच वास येत नाही."

करपलेलं दूध आठवलं. आधी माझा चेहरा, मग नाक मुरडणं. माझी घोकलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली.

मागच्या थंडीत मोठा ताप आला होता, तेव्हापासून. सर्दी गेली, वास परत आलाच नाही. कान-नाकाचे डॉक्टर म्हणतात वाट बघा. इतके दिवस हाताखालच्या बाईच्या चेहऱ्याकडे बघून काम रेटलं. तिनं नाक मुरडलं की यांनी मुरडायचं. महिनाअखेर ती नोकरी सोडून चालली आहे, आणि यांच्या निवृत्तीला अजून वर्ष आहे. "बिननाकाचा वास-तपासनीस कोण ठेवेल?" म्हणाले. "कुणाला बोलू नकोस. माझ्या बहिणीला तर नाहीच."

मी चहा टाकला. दुसरं काय करणार! फार वाईट वाटतंय. आणि रागही तसाच आहे. मला का नाही सांगितलं? घरात दोनच तर माणसं.

१६ फेब्रुवारी

आज यांनी स्वतःहून विचारलं, "कसा आहे गं तो तुझा वास?"

मी सांगितलं. संत्र्याची साल, मग बंद पेटी, मग ओली माती. डोळे मिटून ऐकत होते. "खालचा वास किती वेळ टिकतो?" म्हटलं, तुमच्या बहिणीपेक्षा जास्त. किती दिवसांनी मनापासून हसले! मग म्हणाले, "चांगला बनवलाय. लावत जा."

परवानगी मिळाली हो! नाक गेल्यावर.

२५ फेब्रुवारी

हाताखालची बाई उरलेली रजा काढून कालपासूनच घरी बसली. यांनी डब्यातून कागदात गुंडाळलेल्या साबणाच्या वड्या आणल्या. एक मूळ नमुना, बाकी नव्या बॅचमधल्या. "रात्रभर मुरू दे, सकाळी ताज्या नाकानं सांगतो, असं सांगून आलोय." टेबलावर मांडल्या आणि समोर बसले, परीक्षेला बसावं तसे. "यातली कुठली वेगळी वाटते, बघ."

पहिली हुंगली. दुसरी. तिसरी. सगळ्यांना एकच वास, पॅचुलीचा!

"तुझ्या मनगटाचा येत असेल तो," म्हणाले.

डोक्यावरून अंघोळ केली. कपडे बदलले. तरी केसांत होताच मेला. पुन्हा हुंगल्या, पुन्हा तेच. रागावले असते तर बरं झालं असतं. "असू दे," म्हणाले आणि वड्या एकेक करून परत गुंडाळायला लागले. कागदाच्या घड्या काही केल्या नीट बसेनात.

उद्या काय सांगतील तिथे?

१ मार्च

नणंदबाई आल्या होत्या. मी बाटली तिच्या पर्समध्ये कोंबली.

"अगं वहिनी, का? दादा काही बोलला का?"

"नाही. घरात वास चालणार नाही. माझं नाक बिघडतं."