पहिल्या अक्षरावरचं कुंकू

अल् खुवैर, मस्कत
९ ऑक्टोबर २०२५

ती. आईस,

केयूरचा नमस्कार. तू नीट पोचलीस, गुडघाही बरा आहे, हे प्रियांकाताईकडून कळलं. इथे ऊन थोडं उतरलंय. लाडू संपत आले.

फोनवर तू रोज विचारतेस, "माझी पोथी कशी आहे?" आणि मी "छान" म्हणतो. तुझा आवाज ऐकला की पुन्हा तेच म्हणेन, म्हणून लिहितोय.

दसऱ्याला तू माझ्या हत्यारांची पूजा करायला वर्कशॉपमध्ये आलीस. टेबलावर दुरुस्तीला आलेली ती पोथी उघडी होती. युरोपातल्या कुठल्याशा मठातल्या साधूची बायबलवरची प्रवचनं, आठशे वर्षांपूर्वीची, पहिलं अक्षर सोन्यानं मढवलेलं. मी हात धुवायला गेलो आणि तू त्या अक्षरावर ओलं कुंकू लावलंस. वर मलाच म्हणालीस, "एवढी देखणी पोथी दसऱ्याला कोरडी ठेवतात होय रे?" मी कसंनुसं हसलो आणि घाबरून पोथी मिटली. आता समोरच्या पानावरही डाग उठलाय. तो गाढवपणा माझा.

आई, ते पान कागदाचं नाही. वासराच्या कातड्याचं आहे. तू विचारलंस तेव्हा मी "जाड कागद" म्हणालो, कारण मग तू माझ्या हातचं पाणीसुद्धा प्यायली नसतीस. खरं सांगितलं असतं तर निदान त्याला बोट तरी लावलं नसतंस! कुंकू कातड्यात मुरलंय. निघत नाही.

सोमवारी आमच्या अर्बाबनी, म्हणजे मालकांनी, डाग पाहिला. शेजारच्या टेबलावरचा जितेश रोज टिळा लावून येतो. सगळ्यांनी त्याच्याच कपाळाकडे पाहिलं. मी खाली बघत राहिलो. त्याला ठेवायचं की काढायचं, याचा आज निकाल आहे. नोकरी गेली की त्याचा व्हिसाही खलास, आणि त्याची बायको नुकतीच इथे आलीय.

मघाशी त्याला म्हटलं, "अरे, तू केलं नाहीस, तर बोलत का नाहीस?"

तो म्हणाला, "मैंने देखा था, केयूरभाई. माँजी ने पहले पोथी को लगाया, फिर मुझे. उनका नाम कैसे लूँ?"

आई, मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. मी सगळं सांगणार आहे, तुझ्या नावासकट. दिवाळीला मी बहुतेक घरी असेन, आणि नंतरही. चिडायचं तर माझ्यावर चीड.

अर्बाबची गाडी आली. जितेश उठलाय. मी त्याच्या आधी आत जातो.

तुझा,
केयूर